गल्लीनं मिळून एक नियम करा

नळाला पाणी सुटलं की आपल्याकडे पहिलं काम काय होतं? परवाचं उरलेलं पाणी मोरीत ओतलं जातं. हंडा रिकामा, कळशी रिकामी, ड्रमातलं अर्धं गटारीत, आणि मग सगळ्यात 'ताजं' पाणी. जळगावात नळ एक-दोन दिवसांआड येतो, धुळ्याच्या काही भागांत तर आठवडाभर वाट पाहायची वेळ येते. त्याच गावांत पाणी आलेल्या दिवशी गटारी स्वच्छ पाण्यानं वाहताना दिसतात. तोटी नसलेले नळ वेगळे, टाकी भरून वाहिली तरी बंद न होणाऱ्या मोटारी वेगळ्या.

पाणी शिळं होत नाही. झाकलेल्या, धुतलेल्या भांड्यातलं पाणी दोन-तीन दिवसांत बिघडत नाही; बिघडतं ते आपण त्यात हात घालून पेला बुडवतो म्हणून. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तळाला तोटी असलेला माठ घेतला की तो प्रश्न मिटतो. राहिली गोष्ट डेंगीच्या डासाची. त्याला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करणं आवश्यकच आहे. पण कोरडी करायची म्हणजे ओतून द्यायची असं कुणी सांगितलं? त्या दिवशी त्याच पाण्यानं धुणं धुवा, फरशी पुसा, संडासाला वापरा, आणि मग भांड्याची आतली बाजू घासा. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्यात तरंगत नाहीत, भांड्याच्या भिंतीला चिकटतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर पाणीही गेलं आणि अंडीही राहिली.

सुरुवात इथून करायचं कारण आहे. पर्यावरण सांभाळून जगा असं सांगणाऱ्या याद्या आता सगळीकडे मिळतात. धातूची स्ट्रॉ घ्या, बांबूचा ब्रश घ्या. एरंडोलच्या किंवा साक्रीच्या माणसानं शेवटची स्ट्रॉ कधी वापरली होती, हे त्यालाही आठवणार नाही. या याद्या वाईट नाहीत, त्या दुसऱ्यांच्या गावच्या आहेत. आपल्या खानदेशाचे हिशेब दोन, पाणी आणि ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस ओलांडतो, आणि त्याच महिन्यात धरणाचा साठा तळाला जातो. जो बदल या दोन हिशेबांत बसत नाही, त्यासाठी जीव काढू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि खरं तर तीच सांगायची आहे. एकट्यानं केलेला संकल्प टिकत नाही. तुम्ही बादलीत आंघोळ करायची आणि शेजाऱ्यानं रस्ता धुवायचा, असं किती दिवस चालेल? पंधरा दिवसांत तुम्हाला आपण वेडे वाटायला लागतो. म्हणून माझं सांगणं असं की सवय बदलायची असेल तर आधी नियम करा. मिळून केलेला, सगळ्यांना लागू असलेला, मोडला तर विचारणारं कुणी असलेला. ही कल्पना बाहेरून आणावी लागणार नाही, ती आपल्याच नद्यांवर वाढलेली आहे.

धुळे जिल्ह्यात पांझरा आणि कान, शेजारी नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम, या नद्यांवर फड पद्धत तीनशे-चारशे वर्षं चालली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. यंदा एका फडात ऊस, दुसऱ्यात भुसार, तिसऱ्यात हंगामी पीक, पाणी कमी असेल तर एखादा पडीक. पुढल्या वर्षी फेरपालट. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे एखाद्या फडाचं पाणी तोडायची वेळ आली तर तोटा एका माणसाच्या माथी बसत नसे. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. मालक कितीही मोठा असो, त्यानं आपल्या हातानं आपल्या वावराकडे पाणी वळवायचं नाही. पिकाची राखण जागल्याकडे, देखरेख हवालदाराकडे, आणि तंटा झाला तर पंच बसत. या माणसांना मोबदला शेतकरीच देत, पूर्वी तो धान्यात असे.

यात 'पाणी वाचवा' असं कुणी कुणाला सांगत नव्हतं, हे ध्यानात घ्या. शेतकरी तेव्हाही आजच्याइतकेच लबाड आणि आजच्याइतकेच भले होते. व्यवस्था अशी होती की लबाडी करायला वाव कमी. वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बोअरमध्ये गेलं, आणि फड बहुतेक ठिकाणी मागे पडले. माझ्या मते खानदेशानं गमावलेल्या गोष्टींत ही सगळ्यांत महागाची.

आता याच्या उलट बाजू पाहा. ठिबक सिंचन शेतकऱ्यांच्या अंगवळणी पाडण्यात जळगावचा वाटा फार मोठा आहे. भवरलाल जैन यांनी 1980च्या दशकाच्या शेवटी इथून ते काम सुरू केलं, आणि आज केळीच्या बागेत पाट सोडून पाणी देणारा शेतकरी शोधावा लागतो. तंत्र अस्सल, त्यात वाद नाही. पण मग रावेर आणि यावल हे केळीचे तालुके भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत वर्षानुवर्षं कसे राहिले? वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही म्हणून. ते नव्या बागेला गेलं. थेंब थेंब वाचवला आणि वाचलेल्या थेंबांवर आणखी खोडं उभी केली, आणखी खोल बोअर मारल्या. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शेजारी उपसतोय हे दिसत असताना मी का थांबू, हा त्याचा सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर नळ्यांमध्ये नाही. तापीच्या काठी तंत्र आलं आणि नियम आला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नियम आला की काय होतं हे बघायचं असेल तर साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढे, गुजरातच्या सीमेजवळ बारीपाड्याला जाऊन या. आदिवासींचं छोटं गाव. 1990च्या सुमारास आजूबाजूचं जंगल तुटून डोंगर बोडके झाले होते आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट होती. चैत्राम पवार हा गावातलाच शिकलेला तरुण. एम.कॉम. होऊन नोकरीमागे न जाता तो गावात राहिला. गावानं ठराव केला, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. जंगलात बैलगाडी न्यायची नाही. झाड तोडलं तर दंड. राखण गावानंच करायची. त्याबरोबर दगडमातीचे बांध घालून पाणी अडवायचं. आज सुमारे 400 हेक्टरांवर जंगल उभं आहे, विहिरींना पाणी आहे, आणि ज्या गावाला दुसरीकडून पाणी आणावं लागत होतं त्या गावातून शेजारच्या वस्त्या पाणी नेऊ लागल्या. 2004पासून तिथं वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बाया जंगलातल्या भाज्या रांधून मांडतात, आणि शहरातली माणसं ती पानं कुठली म्हणून विचारत फिरतात. चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली.

गंमत बघा, जंगल राखणाऱ्या बारीपाड्याच्या माणसांनी स्वतःच्या चुलीवरही नियम लावला. सरपण कमी लागावं अशी चूल नसती तर कुऱ्हाडबंदी आठवडाभरही टिकली नसती. लहान सवय आणि मोठा नियम असे एकमेकांना धरून असतात.

गावाला जमतं, आमच्या कॉलनीत कोण ऐकतो, असं म्हणाल. सगळी कॉलनी ऐकणार नाही. गल्लीतली सात-आठ घरं ऐकतात. गणपतीची वर्गणी तेवढ्याच घरांतून जमते ना?

कोणत्या गोष्टींवर नियम करावा, तेही बोलू. पाण्याबद्दल वर बोललोच, त्यात दोन भर घालतो. नळाला थेट मोटर लावणं बंद. एकानं मोटर लावली की पुढच्या घरात थेंब येत नाही, मग तोही लावतो, आणि शेवटी सगळ्यांचं वीजबिल वाढून पाणी तेवढंच येतं. हा नियम एकट्यानं पाळणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, गल्लीनं पाळला तर सगळ्यांचा फायदा. दुसरी भर पिण्याच्या पाण्याच्या मशीनबद्दल. आरओचं मशीन एक लिटर पाणी गाळताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. पाच माणसांच्या घरात रोज दोन-तीन बादल्या सहज जातात. पाण्यातले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओची गरज नाही. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादानंही अशा ठिकाणी आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. धरणाचं पाणी बहुधा या मर्यादेत असतं, बोअरचं पुष्कळदा नसतं. तपासून घ्या, साधा मीटर कुठल्याही मशीनवाल्याकडे असतो. फक्त मशीन विकणाऱ्याला 'घेऊ का' असं विचारू नका. आरओ लागतच असेल तर त्याची नळी बादलीत सोडा. ते पाणी फरशीला, संडासाला चालतं. कूलरमध्ये मात्र घालू नका, क्षारांचा पांढरा थर बसून गवत आणि जाळी लवकर वाया जाते.

कूलरचा विषय निघालाच आहे. खानदेशाच्या कोरड्या उन्हाळ्याला कूलर हेच योग्य यंत्र आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एक लिटर पाणी हवेत उडताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. दीड टनाचा एसी चालवायला दीड हजार वॉटच्या आसपास वीज लागते, घरगुती कूलरला दीडशे-दोनशे. पण कूलर वीज वाचवतो ती पाणी खर्चून. मोठा कूलर दिवसभर चालला तर कित्येक बादल्या पितो, आणि ते पाणी त्याच नळाचं असतं. म्हणून आधी गच्ची, मग कूलर.

आपले आजे-पणजे धाब्याच्या घरात राहत. मातीच्या जाड भिंती, लाकडी कड्या-पाट्यांवर मातीचं जाड धाबं, पावसाळ्याआधी वर खाऱ्या मातीचा थर. दुपारी बाहेर जाळ आणि आत गारवा. त्यांच्या जागी आपण सिमेंटचा स्लॅब टाकला, तो दिवसभर तापतो आणि रात्री सगळी उष्णता खाली झोपलेल्या माणसांवर सोडतो. धाब्याचं घर परत बांधा असं मी म्हणणार नाही. त्या धाब्याची दरवर्षीची निगा आता कोण करणार? पण मार्चमध्ये गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून तट्ट्या किंवा हिरवी जाळी लावली, तर स्लॅबला हात लावून फरक कळतो. जाळी बाहेरून लावायची. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं म्हणजे ते घरात आलंच. हे झाल्यावर कूलर लावा, समोरची खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की खोलीत नुसता दमटपणा साचतो. जुलैत हवा दमट झाली की कूलर बंद, पंखा पुरे. जुना पंखा 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तिसात तेवढंच वारं देतो. चार महिने दिवस-रात्र पंखा फिरणाऱ्या घराला तो परवडतो. एसी घेतलाच असेल तर अठरावर लावून गोधडी घेऊन झोपू नका. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

ही वीज येते कुठून? भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या रेल्वेतून दिसतात. तिथं कोळसा जळतो आणि पाणी लागतं ते तापीवरच्या हतनूर धरणाचं. म्हणजे दिवा जाळला तरी बोट तापीतच बुडतं. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या आहेत, तालुक्यात सौर प्रकल्पही आहे, पण आपल्या तारेत कोणाची वीज आली ते तार सांगत नाही. स्वतःची गच्ची असेल तर सौर पॅनेलचा विचार जरूर करा. 2024च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरलं आहे, आणि एक किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. उन्हाची तर आपल्याला ददात नाही.

त्याच गच्चीवर पाऊसही पडतो. हजार चौरस फूट गच्ची आणि वर्षाचा 600 मिलिमीटर पाऊस धरला तर सुमारे 55,000 लिटर पाणी. ते आज पन्हळीतून रस्त्यावर जातं. घरात किंवा गल्लीत बंद पडलेली बोअर असेल तर गाळणी लावून त्यात सोडा. पहिल्या एक-दोन पावसांचं धुळीचं पाणी मात्र बाहेर जाऊ द्या. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004पासून नाले रुंद आणि खोल करून, बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवलं. ते काम तुमच्या-माझ्या आवाक्याचं नाही, पण एक बोअर नक्की आहे.

आता पंगत. इथं मला जरा रागानंच बोलायचं आहे. हिवाळ्यात जळगावकडे भरीत पार्ट्या सुरू होतात. बामणोदकडची हिरवी-पांढरी मोठी वांगी, भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्या, वाढायला केळीचं पान. एका पिकाचा कचरा दुसऱ्याचं इंधन, तिसऱ्याचं पान ताट, आणि जेवण झालं की ताट गुरापुढे. भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते सार्थ आहे. एवढं सगळं जमवून आणायचं आणि शेजारी प्लास्टिकच्या पेल्यांची चळत आणि पाण्याच्या इवल्या बाटल्या ठेवायच्या! पार्टी संपल्यावर वावराच्या बांधावर त्या बाटल्या वाऱ्यानं उडत असतात. असल्या पेल्यांवर राज्यात 2018पासून बंदी आहे, पण ती कागदावर वाचायला मिळते. गल्लीनं किंवा समाजानं वर्गणी काढून दोनशे स्टीलचे पेले आणि दोन मोठे पिंप घ्यावेत. ज्याच्याकडे कार्य असेल त्यानं न्यावेत, घासून परत करावेत, हरवला तर भरून द्यावा. पूर्वी समाजाची भांडी अशीच फिरायची. खर्च डीजेच्या एका रात्रीपेक्षा कमीच येईल.

अन्न वाया घालवण्याचंही तसंच. कानबाईच्या सणात रोटांचं धान्य आपण घरातल्या माणसांच्या हिशेबानं मोजून घेतो, कारण रोट बाहेर द्यायचे नसतात आणि टाकायचे तर मुळीच नसतात. लग्नाच्या जेवणाला हा हिशेब कुठे जातो? सहा भाज्या कुणालाही संपत नाहीत. शेवभाजी, वरण-बट्टी, वांग्याची भाजी एवढ्यावर खानदेशी माणूस तृप्त होतो, बाकीचं मिरवायला असतं. आणि घरात आठवड्यातून चार वेळा तरी कळण्याची किंवा ज्वारी-बाजरीची भाकरी होऊ द्या. या पिकांना उसाच्या मानानं फारच थोडं पाणी लागतं, आणि ती खाणारं गिऱ्हाईक असेल तरच शेतकरी ती पेरेल.

नियम करताना चार गोष्टी पाळा. एका वेळी एकच नियम. तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे. मोडणाऱ्याला कोण विचारणार त्याचं नाव आधी ठरलेलं असावं, तेच तुमचे पाटकरी, आणि दरवर्षी माणूस बदला म्हणजे कुणी दादागिरी करणार नाही. दंड ठेवा, पण लहान. अकरा रुपयांचा दंड माणूस हसून भरतो, हजाराचा म्हटला की भांडण होतं आणि नियमच मरतो. बायकांना बैठकीत बोलवा असं वेगळं लिहायला लागू नये, पण लिहितो, कारण हंडे त्या भरतात आणि ठराव पुरुष करतात. भाडेकरूंनाही बोलवा. सगळं एकदम बदलायला निघालात तर होळीपर्यंत उत्साह ओसरेल.

बैठक मात्र फेब्रुवारी-मार्चच्या आतच घ्या. एप्रिल लागला की माणसं टँकरच्या मागे असतात, तेव्हा बैठकीला कुणी येत नाही.